तबकडी बदलली, हे संगणकाला कसे कळते?

संगणकाच्या खाचेत पेन ड्राइव्ह बसवला की एक-दोन सेकंदांत पडद्यावर त्याचे चित्र उमटते. शाळेच्या संगणक-खोलीत हे रोज घडते, म्हणून त्याचे कुणाला नवल वाटत नाही. एखादा चौकस विद्यार्थी मात्र विचारतो, "सर, याला कसं कळलं?" "आत तशी सोय असते," असे सांगून आपण पुढे जातो. उत्तर चूक नाही. पण या सोयीचा इतिहास पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मोठ्या संगणकांवर ही सोय १९६० च्या दशकातच होती. पुढे छोटे, स्वस्त संगणक आले तेव्हा ती गळून पडली. आणि मग तीच गोष्ट थोडीथोडी करून, वीस-पंचवीस वर्षे खपून, पुन्हा मिळवावी लागली.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. तबकडीवरची माहिती वाचणे हे संगणकाच्या दृष्टीने फार संथ काम असते. म्हणून तबकडीवर कोणती फाइल कुठे आहे, कोणती जागा मोकळी आहे, याची यादी तो एकदा वाचतो आणि तिची नक्कल आपल्या स्मृतीत ठेवतो. पुढचे सगळे व्यवहार या नकलेवरून चालतात. आता तबकडी कोणी गुपचूप बदलली तर? वर्ग 'अ'चा हजेरीपट घेऊन गुरुजी वर्ग 'ब'त शिरले आणि त्यांना ते कळलेच नाही, अशी अवस्था होते. नुसती हजेरी घेण्यापुरते असेल तर फार बिघडत नाही. पण गुरुजी 'अ'च्या पटावरून 'ब'च्या मुलांची प्रगतिपुस्तके भरू लागले तर? संगणकाचे नेमके हेच होते. तो जुन्या तबकडीची यादी नव्या तबकडीवर लिहून टाकतो. नव्या तबकडीवरच्या फाइली जागच्या जागी असतात, पण त्यांचा पत्ताच नाहीसा झालेला असतो.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. काहीतरी बदलले हे कळणे हा पहिला. आता समोर आहे ती तबकडी कोणती, हे ओळखणे हा दुसरा. हे दोन वेगळे आहेत, हे पुढच्या सगळ्या हकिकतीत लक्षात ठेवायला हवे.

आयबीएम कंपनीने १९५६ साली चुंबकीय तबकड्यांचे पहिले साठवण-यंत्र बाजारात आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळे मिळून ५० लाख अक्षरे मावत. त्या तबकड्या यंत्रात कायमच्या बसवलेल्या असल्यामुळे बदलण्याचा प्रश्नच नव्हता. तो आला १९६२ मध्ये, आयबीएमच्या १३११ या यंत्राबरोबर. कपडे धुण्याच्या यंत्राएवढ्या या पेटीचे झाकण उघडून सहा तबकड्यांची एक चळत उचलून बाहेर काढता येई आणि दुसरी बसवता येई. चळतीचे वजन साडेचार किलोच्या आसपास, आणि तिच्यात २० लाख अक्षरे मावत.

१९६४ मध्ये जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० या संगणकमालिकेत दोन्ही प्रश्नांची उत्तरे होती. तबकड्यांचे यंत्र बंद होते आणि ते पुन्हा सुरू होऊन तयार झाले, की ते आपण होऊन मुख्य संगणकाला हाक मारी. चालू काम थांबवून लक्ष वेधून घेणाऱ्या अशा हाकेला इंटरप्ट म्हणतात. हाक आली की प्रणाली चळतीवरची ठरावीक जागा वाचून तिथला सहा अक्षरी क्रमांक पाही. हवी ती चळत नसेल तर चालकाला सूचना जाई. म्हणजे आधी हाक, मग ओळखपत्र. एक मान्य करायला हवे, की हे सारे प्रशिक्षित चालकाच्या देखरेखीखाली, वातानुकूलित खोलीत चाले. कुणी मनाला येईल तेव्हा झाकण उघडत नसे.

घरगुती संगणक आले आणि ही शिस्त मोडली. १९८१ च्या आयबीएम पीसीला सव्वापाच इंची फ्लॉपीचे यंत्र होते. त्याची पुढची कळ फिरवली की दार उघडे, फ्लॉपी काढता येई, दुसरी घालता येई. आणि या यंत्रातून संगणकाकडे जाणाऱ्या तारांमध्ये 'दार उघडले' असे सांगणारी तार नव्हती! किंमत खाली ठेवण्याच्या धडपडीत हाकही गेली आणि ओळखपत्रही गेले.

आता या यंत्राशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमची पंचाईत पाहा. मुख्य प्रणाली आणि उपकरण यांच्यामध्ये जो दुभाषी प्रोग्रॅम बसलेला असतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. १९८३ च्या एमएस-डॉस २.० मध्ये असा नियम केला गेला, की फ्लॉपीशी व्यवहार करण्याआधी प्रणालीने ड्रायव्हरला विचारायचे, 'तबकडी बदलली का?' उत्तरे तीन ठरवली होती: बदलली, बदलली नाही, आणि माहीत नाही.

आम्हाला यातले तिसरे उत्तर फार मोलाचे वाटते. तारच नसल्यामुळे ड्रायव्हरला खरोखरच माहीत नसे, आणि ते तसे सांगण्याची मुभा त्याला दिलेली होती. पण 'माहीत नाही' हे ऐकून प्रणालीने काय करायचे? स्मृतीत अजून न लिहिलेले असे काही शिल्लक नसेल, तर ती समजून चाले की तबकडी बदललेली असू शकते, आणि यादी पुन्हा वाचून घेई. हे ठीकच झाले. पण लिहायचे काही बाकी असेल, तर तबकडी बदललेली नाही असे ती धरून चाले, कारण तसे न धरावे तर ते बाकी लिखाण टाकून द्यावे लागणार. म्हणजे जिथे चूक झाल्यास सर्वांत जास्त नुकसान, नेमके तिथेच प्रणाली अंदाजावर विसंबत होती. तिच्यापुढे दुसरा चांगला पर्याय नव्हता, हेही खरे.

शिवाय दर खेपेला यादी पुन्हा वाचायची तर संगणक असह्य संथ होई. यावर काढलेली तोड विज्ञानाच्या शिक्षकांना आवडावी अशी आहे. एमएस-डॉस २.० च्या कामाचे प्रमुख मार्क झ्बिकोव्हस्की हातात स्टॉपवॉच घेऊन बसले, आणि त्यांचे दोन सहकारी, अॅरन रेनल्ड्स आणि ख्रिस पीटर्स, पीसीतली फ्लॉपी जमेल तितक्या झटपट बदलून पाहू लागले. कळ फिरवा, काढा, दुसरी घाला, कळ फिरवा. दोन सेकंदांच्या आत ते कोणालाही जमेना. झाले, नियम ठरला. मागच्या व्यवहाराला दोन सेकंद झाले नसतील तर तबकडी तीच आहे असे समजायचे. संगणकाच्या प्रणालीतला हा आकडा विजेच्या किंवा चुंबकाच्या कोणत्याही नियमातून आलेला नाही. तो माणसाच्या हाताच्या वेगावरून आलेला आहे.

१९८४ साल या इतिहासात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी आयबीएमच्या पीसी-एटी या संगणकाबरोबर १.२ मेगाबाइटची फ्लॉपी आली आणि तिच्या यंत्राच्या ३४ व्या टाचणीवर ती हरवलेली तार परत आली. दार उघडले की या तारेवर 'बदल झाला' अशी खूण उमटे. या खुणेची एक खुबी होती. दार पुन्हा लावले तरी ती पुसली जात नसे. फाटकावरच्या रखवालदाराने 'कोणी येऊन गेले' असे वहीत लिहून ठेवावे आणि मुख्याध्यापकांनी वाचून सही करेपर्यंत ती नोंद तशीच राहावी, तसे हे होते. संगणक त्या क्षणी दुसऱ्या कामात असला तरी बिघडत नसे. सवड झाल्यावर पाहिले तरी बातमी तिथे हजर. खूण पुसायची तर यंत्रात फ्लॉपी असायला हवी आणि वाचनशीर्ष एक पाऊल सरकवायला हवे. म्हणजे 'मी पाहिले, आणि आता आत तबकडी आहे' अशी ती सहीच होती.

पण या तारेमुळे एक नवाच घोळ निर्माण झाला. ३४ व्या टाचणीचा उपयोग सगळे कारखानदार एकाच कामासाठी करत नव्हते. जुळणी करणाऱ्याने यंत्रावरची छोटी जोडपट्टी चुकीच्या जागी बसवली, किंवा केबलमधली ती एक तार तुटली, तर खूण कधी उमटतच नसे. ड्रायव्हर आता 'माहीत नाही' म्हणत नसे, तो ठामपणे 'बदलली नाही' असे सांगे. मग नवी फ्लॉपी घालून यादी मागितली तरी पडद्यावर जुन्या फ्लॉपीची यादी दिसे. या प्रकाराला 'भुताची यादी' म्हणत. पाहणारा हसून पुन्हा प्रयत्न करी तोवर ठीक होते. त्या स्थितीत नव्या फ्लॉपीवर काही लिहिले की तिच्यावरचे सारे गेलेच. तार नव्हती तेव्हा निदान शंका होती. तुटक्या तारेने तीही घालवली.

इतरांनी वेगळे मार्ग काढले. त्याच १९८४ मध्ये आलेल्या अॅपलच्या मॅकिंटॉश संगणकाने वापरणाऱ्याच्या हातातून दारच काढून घेतले. त्याला फ्लॉपी बाहेर काढायचे बटण नव्हते. पडद्यावर आज्ञा द्यायची, मग संगणक आपले लिखाण पुरे करून मोटरने फ्लॉपी बाहेर ढकले. अडल्यानडल्यास एक बारीक भोक होते, त्यात सरळ केलेला कागदी चाप खुपसायचा. १९८५ च्या अमिगा संगणकात बदलाची खूण होती, पण वाचनशीर्ष हलवल्याखेरीज ती पुसली जात नसल्यामुळे, नवी फ्लॉपी आली का हे पाहायला रिकामे यंत्र दर थोड्या वेळाने शीर्ष हलवून बघे. त्यामुळे अमिगा घड्याळासारखा टक् टक् करत बसे, आणि तो आवाज बंद करणारे खास प्रोग्रॅम लोकांनी लिहिले! आपल्याकडे 'क्लास' योजनेतून १९८४-८५ पासून काही शाळांत पोचलेला बीबीसी मायक्रो दुसऱ्या प्रश्नाच्या वाटेने गेला. त्याच्या फ्लॉपीवरच्या यादीत एक अनुक्रमांक असे आणि यादी लिहिली की तो एकाने वाढे. स्मृतीतला आकडा आणि समोरच्या तबकडीवरचा आकडा जुळला नाही, की 'तबकडी बदलली' असे सांगून तो काम थांबवी.

डॉसलाही अखेर ओळखपत्राची गरज पटली. १९८८ मध्ये आलेल्या डॉस ४.० पासून फ्लॉपी पहिल्यांदा तयार करताना त्या क्षणाच्या तारीख-वेळेवरून एक क्रमांक बनवून तिच्यावर लिहिला जाऊ लागला. फाइलींची यादी मागवली की तो सर्वांत वर दिसतो. आजच्या विंडोजमध्ये काळ्या चौकटीत डीआयआर ही आज्ञा दिली तरी तो दिसतो. दोन पेन ड्राइव्ह घेऊन विद्यार्थ्यांना हे क्रमांक ताडून पाहता येतील.

इथवर बदलत होती ती तबकडी. तिला फिरवणारे यंत्र मात्र संगणकाला जोडलेलेच असे. सबंध यंत्रच चालू संगणकातून उपसून दुसरे बसवायची गरज मोठ्या साठवणीमुळे निर्माण झाली. १९८८ मध्ये बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी एक निबंध वाचला. एका मोठ्या, महागड्या तबकडीऐवजी शंभर लहान, स्वस्त तबकड्या वापराव्यात, अशी त्यांची सूचना होती. पण हिशेब करून पाहा. एक तबकडी सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर अशा शंभर तबकड्यांच्या समूहात सरासरी दर ३०० तासांनी, म्हणजे साडेबारा दिवसांनी, एक तरी बिघडणारच. यावर त्यांचा उपाय असा, की जास्तीच्या तबकड्यांवर पुरक माहिती ठेवायची; एक गेली तरी बाकीच्यांवरून तिच्यातली माहिती पुन्हा मिळवता येते. मात्र दुसरी बिघडण्याआधी गेलेली बदलली पाहिजे. बँकेचा किंवा रुग्णालयाचा संगणक दर पंधरवड्याला बंद ठेवणार कसा? तेव्हा चालू यंत्रातच ती बदलायची.

इथे भौतिकशास्त्राचा एक धडा आडवा येतो. वीज चालू असताना दोन धातूंचे तुकडे एकमेकांना टेकवले तर संपर्क एकदम आणि कायमचा होत नाही. पट्ट्या लवचीक असतात. त्या टेकतात, उडतात, घासतात, पुन्हा टेकतात. काही सहस्रांश सेकंदांत अनेकदा 'जोडले-तुटले' होते. ट्रान्झिस्टर रेडिओत कानाला लावायच्या यंत्राची पिन हळूहळू खुपसली की जी खरखर ऐकू येते ती हीच. माणसाला ती खरखर वाटते; संगणकाला मात्र तबकडी पाच-पन्नास वेळा आली आणि गेली असे वाटते.

जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूएसबी या मानकाने यावर जे उपाय योजले ते वर्गात दाखवता येतात. या मानकाच्या जडणघडणीत इंटेलमधील अजय भट्ट यांचा मोठा वाटा होता. त्यांचे शिक्षण बडोद्याचे. पेन ड्राइव्हच्या तोंडात डोकावून पाहा. धातूच्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन मधल्या दोहोंपेक्षा सुमारे एक मिलिमीटरने लांब असतात. कडेच्या पट्ट्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. म्हणून खुपसताना आधी वीज जोडली जाते, मग माहितीचा मार्ग, काढताना उलट.

आल्याची वर्दी द्यायला एक साधा रोध पुरतो. संगणकाच्या बाजूला माहितीच्या प्रत्येक तारेला १५,००० ओहमचा रोध लावून ती शून्य व्होल्टला बांधलेली असते. उपकरणात दोहोंपैकी एका तारेला १,५०० ओहमचा रोध ३.३ व्होल्टला जोडलेला असतो. उपकरण नसेल तेव्हा दोन्ही तारा शून्यावर. ते लागले की एका तारेवर ३.३ × १५,००० ÷ १६,५००, म्हणजे बरोबर ३ व्होल्ट दिसतात. दहावीच्या मुलाला करता येईल असे हे गणित. दोहोंपैकी कोणती तार वर गेली यावरून उपकरण वेगवान की मंद तेही कळते. मग मानक सांगते की निदान १०० मिलिसेकंद थांबा. तेवढा वेळ संपर्क अखंड टिकला तरच उपकरण आले असे समजा.

मानक चांगले असले तरी ते पाळणारे प्रोग्रॅम तयार व्हायला वेळ लागतोच. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील प्रदर्शनात विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. बिल गेट्स यांच्यासमोर, भरसभेत, त्यांच्या सहकाऱ्याने चालू संगणकाला एक स्कॅनर जोडला आणि मोठ्या पडद्यावर निळा मृत्युलेख झळकला. लोक अजूनही ते चित्रीकरण पाहून हसतात. पण 'जोडले की चालले पाहिजे' ही अपेक्षा किती अवघड आहे, हे त्याच्याइतके स्पष्ट करणारे दुसरे प्रात्यक्षिक आमच्या पाहण्यात नाही.

एवढे होऊनही संगणकाच्या आतली हार्ड डिस्क मात्र मागेच राहिली होती. रुंद, चाळीस टाचण्यांच्या पट्ट्यासारख्या केबलने ती जोडलेली असे आणि चालू संगणकात तिला हात लावायची सोय नसे. २००१ ते २००३ या काळात सीरियल एटीए, म्हणजे 'साटा', हे मानक आले. केबल बारीक झाली. विजेच्या जोडणीतल्या पट्ट्या इथेही कमीजास्त लांबीच्या ठेवल्या, म्हणजे आधी भूमितार, मग बेताने वीज, मग बाकीचे. तबकडी-यंत्राला वीज मिळताच ते केबलवरून ठरावीक लयीत ठोके पाठवते, संगणकाची बाजू उत्तर देते, आणि दोघांचे जमले की दुवा तयार होतो. संगणकाच्या नियंत्रक चिपमध्ये या दुव्याची अवस्था आकड्याने नोंदलेली असते: ० म्हणजे कोणी नाही, १ म्हणजे कोणीतरी आहे पण बोलणे जुळलेले नाही, ३ म्हणजे बोलणे जुळले.

याखेरीज तिथे आणखी एक खूण असते: 'तुम्ही मागे पाहिल्यानंतर इथे अदलाबदल झाली आहे.' ती एकदा उमटली की ड्रायव्हरने मुद्दाम पुसेपर्यंत राहते. वाचकांनी ओळखलेच असेल. १९८४ च्या ३४ व्या टाचणीवरची रखवालदाराची वही ती हीच. वीस वर्षांनी ती चिपच्या आत गेली.

म्हणजे यंत्रसामग्री सज्ज होती. पण लिनक्स या प्रणालीत साटाचे जे ड्रायव्हर होते ते या खुणेचा उपयोग करत नव्हते. जेफ गार्झिक यांनी २००३ च्या सुमारास या ड्रायव्हरांचा एक सामाईक पाया रचायला घेतला होता. त्यात संगणक सुरू होताना प्रत्येक पोर्ट तपासले जाई, आणि तिथे जे सापडले ते कायमचे, असे मानले जाई. मागाहून जोडलेली तबकडी दिसत नसे. काढून घेतलेल्या तबकडीकडे आज्ञा जात राहत, मुदत संपे, चूक नोंदली जाई, पुन्हा आज्ञा जाई.

हे दुरुस्त करण्याचे काम तेजुन हिओ यांनी केले आणि सप्टेंबर २००६ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६.१८ या आवृत्तीत ते समाविष्ट झाले. या दुरुस्तीतली विचारसरणी आम्हाला विशेष वाटते. सरळ मार्ग असा दिसतो, की चुका निस्तरणारा एक भाग आणि तबकडी आल्या-गेल्याची दखल घेणारा दुसरा भाग लिहावा. हिओ यांनी तसे केले नाही. त्यांनी चुका निस्तरणारा भाग आधी मुळापासून नव्याने बांधला आणि तबकडीचे येणे-जाणे त्याच्याच हवाली केले. याचे कारण असे, की पहिल्या क्षणी हे सगळे प्रकार सारखेच दिसतात. केबल ढिली झाली, वीज क्षणभर गेली, तबकडी बिघडली, किंवा कोणी ती उपसून काढली. संगणकाला दिसते ते एवढेच, की दुवा तुटला. यांतले काय घडले हे तेव्हाच ठरवायला गेले तर चूक होणार.

म्हणून नव्या रचनेत खूण उमटली की ड्रायव्हर त्या पोर्टवरचे सगळे व्यवहार गोठवतो. मग दुवा स्थिरावण्याची वाट पाहतो: दर २५ मिलिसेकंदांनी अवस्था वाचायची, आणि सलग ५०० मिलिसेकंद ती बदलली नाही तरच खरी मानायची, २ सेकंदांत स्थिरावली नाही तर वाट पाहणे सोडायचे. (दोन सेकंदांचा हा आकडा पुन्हा भेटला तो केवळ योगायोगाने.) त्यानंतर दुवा नव्याने प्रस्थापित करून तबकडीला तिचे नाव-गाव विचारायचे. उत्तरात आलेला नमुना आणि अनुक्रमांक आधीच्या नोंदीशी जुळले, तर तबकडी तीच आहे. मधला प्रकार म्हणजे नुसता धक्का होता, थांबलेले काम पुढे चालू. जुळले नाहीत, तर जुन्या तबकडीविषयी स्मृतीत असलेले सारे टाकून द्यायचे आणि नवी म्हणून सुरुवात करायची. उत्तरच आले नाही, तर तबकडी गेली. सिस्टिम/३६० ची हाक आणि ओळखपत्र असे दोन्ही आता साध्या घरगुती संगणकात एकत्र आले होते.

गेलेल्या तबकडीचे लिहायचे राहिलेले लिखाण मात्र यातल्या कोणत्याच युक्तीने वाचत नाही. ओळख कितीही पक्की केली तरी जे स्मृतीतच होते ते तबकडीबरोबर जात नाही. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी तशी सूचना द्या, असे मुलांना सांगायचे ते यासाठी. २०१८ पासून विंडोज १० मध्ये पेन ड्राइव्हवरचे लिखाण शक्यतो साठवून न ठेवता लगेच करण्याचा पर्याय मुळातच निवडलेला असतो. त्याने धोका कमी होतो, पण नक्कल चालू असतानाच ओढून काढला तर फाइल अर्धवटच राहणार.

हार्ड डिस्कच्या बाबतीत पुढे आणखी एक गाठ पडली, ती वीजबचतीमुळे. काही बोलणे चालू नसेल तेव्हा साटाच्या दुव्याला झोपू दिले तर मांडीवरच्या संगणकाची बॅटरी जास्त टिकते. पण दुवा झोपला की 'दुवा तयार नाही' अशी खूण उमटते, आणि तबकडी उपसली तरी हीच खूण उमटते! दर डुलकीला तबकडी गेली असे समजून धावपळ करायची की काय? जानेवारी २००८ मधील लिनक्स २.६.२४ मध्ये ही वीजबचत आली तेव्हा ती चालू असताना या खुणेची हाकच बंद करण्यात आली. झोप मिळाली, पण त्या काळात कोणी तबकडी काढली तर ते लगेच कळेनासे झाले. आता हे काम पुन्हा पुन्हा विचारूनच करावे लागेल, असा शेरा लिहिणाऱ्याने प्रोग्रॅममध्येच मारून ठेवला होता. म्हणजे पुन्हा अमिगाची टक् टक्.

या दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयत्न बरीच वर्षे चालले. २०२४ मध्ये लिनक्स ६.९ पासून असे ठरले, की जे पोर्ट चालू संगणकात जोडण्या-काढण्यासाठी म्हणून राखलेले आहे त्याला बाहेरचे पोर्ट समजायचे आणि त्यावर वीजबचत लागूच करायची नाही. कोणते पोर्ट तसे आहे, हे संगणकाचा मुख्य बोर्ड बनवणारा चिपमधल्या एका खुणेने सांगून ठेवतो. ड्रायव्हर त्या खुणेवर विश्वास ठेवतो. ती बनवणाऱ्याने बरोबर लावली आहे की नाही, हे तपासायला त्याच्याजवळ दुसरे साधन नाही.